उजव्या कमानीचं बाळ

मंगळवार, संध्याकाळ

पंधरा दिवसांपूर्वी लेकीच्या, सायलीच्या, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत दिसलं, की बाळाच्या हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी डावीऐवजी उजवीकडे वळलीय. डॉक्टर त्याला 'उजवी कमान' म्हणाले. तेव्हापासून लेकीला झोप नाही आणि मला, विनोदी लेख लिहिणाऱ्या बाईला, एकही विनोद सुचलेला नाही.

आज परळच्या हॉस्पिटलात पुन्हा नुसतं बाळाचं हृदय तपासलं. डॉक्टरबाईंनी सगळ्या बाजूंनी पाहिलं. मग म्हणाल्या, "कमान उजवीच आहे. पण श्वासनलिकेला वेढा नाही, हृदय छान. बाळाभोवतीच्या पाण्याचा, गुणसूत्रांचा रिपोर्टही चांगला आलाय. जन्मल्यावर एकदा बघू."

घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी हातच जोडले. "उजवी? अगो, म्हणजे उजव्या सोंडेचा! कडक असता तो. सोवळं पाळूक व्हया."

"आजी, बाळ आहे गं ते, गणपती नाही!" सायली म्हणाली आणि हसत सुटली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

आत्ता पाहते तर सासूबाईंनी ट्रंकेतली जुनी दुपटी धुऊन, काठीने उंच दांडीवर, सोवळ्यात वाळत घातलीत. सोवळ्याची मी आयुष्यभर टिंगल केली. पण हात न लावता मागे फिरले. उजवी कमान आहे, उगाच कशाला?