अकराव्या प्रकरणातला शेजारी

४ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

कॉलेजातून निवृत्त झालो तरी तर्कशास्त्राची खोड जात नाही. मूर्खपणावरचं माझं पुस्तक अकराव्या प्रकरणापर्यंत आलंय. त्यातला मुद्दा असा, की माणूस आधी ठरवतो आणि मग कारणं शोधत बसतो. आमच्या शेजाऱ्याचंच बघ. घाबरतो दाताच्या डॉक्टरला, पण सांगतो काय, तर एकाच बाजूने चावलं की पचन सुधारतं. त्याला प्रकरणात घेतलाय.

बाकी ठीक. हल्ली बल्ब अगदीच मंद येतात, तीनदा बदलला. छापखानेवालेही शाईत काटकसर करतात. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू आहे, लवकर काढा, नाहीतर नजर जाईल. त्याचा धंदाच तो. पुस्तक संपल्यावर बघू.

घरी सगळ्यांची आठवण काढल्याचं सांग.

तुझा,
दादा

११ जून

ती. दादास शि. सा. न.

शेजाऱ्याचा किस्सा ह्यांना वाचून दाखवला, दोघंही पोट धरून हसलो. मग बल्बचा मजकूर आला आणि माझं हसू पळालं. तुझ्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. वहिनी फोनवर सांगत होती, परवा चहा कपाबाहेर ओतलास आणि वर टेबलालाच उतार आहे म्हणालास.

माझ्या शिवणाच्या दुकानातही, सुयांची नेढी हल्ली बारीक येतात म्हणणाऱ्या बायका आहेत. त्यांना मी गुपचूप दोरा ओवून देते, वाद घालत नाही. तुझ्याशी मात्र घालणार आहे. बाबांनी असंच आज-उद्या केलं आणि शेवटी आपण त्यांना हाताला धरून फिरवलं. तुला तसं बघायची माझी तयारी नाही. रविवारी येतेय. सोमवारची वेळ वहिनीने घेतलीय. कारणं असतील तेवढी बरोबर घे, दवाखान्यात बसल्या बसल्या ऐकेन.

राग आला तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
धाकटी

२ जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पट्टी निघाली. बल्बमध्ये काही खोट नव्हती. आता नव्याचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून जुनाच परत लावलाय. अकराव्या प्रकरणातून शेजाऱ्याला उठवलं आणि त्याच्या जागी मी जाऊन बसलो. खरं सांगू, मी घाबरलो होतो. बाबांसारखं होईल म्हणून घाबरलो, आणि तसंच व्हावं असं वागत राहिलो.

काल सकाळी तुझी वहिनी खिडकीपाशी बसली होती. तिचे केस सगळे पांढरे झालेत. हे कधी झालं, असं मी विचारलं. तर म्हणाली, तुम्ही मूर्खपणावर लिहीत होतात तेव्हा.

पुस्तक सध्या बाजूला ठेवलंय. दुपारभर तिच्यासमोर बसून असतो. कारण विचारू नकोस.

लोभ आहेच, तो असाच भांडून वाढव.

तुझा,
दादा