एकच उशी

नाशिक रोड, १९९८. मंगळवार, संध्याकाळ

ताई आणि मी, दोघी एकदमच माहेरी बाळंतपणाला. माझं सिझर, तिचं नॉर्मल. आई तिचं पोट रोज जुन्या लुगड्याने बांधते. माझं बांधता येत नाही, म्हणून खोकला आला की मी पोटाशी उशी दाबून धरते. ती उशी बघून भेटायला येणाऱ्या बायका हळहळतात. ताईला मात्र, "तुझं काय बाई, सुटलीस!" टाके तिलाही आहेत. पण कुठे, ते चारचौघींत कोण बोलणार?

आज ती एका अंगावर रेलून लसूण सोलत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, नीट मांडी घालून बस की." ताई नुसती हसली.

काकू गेल्यावर हळूच म्हणाली, "तुझी उशी देतेस जरा? पाजायला बसायचंय."