दुखवट्याला आलेले गुडघे

सांगली, हॉस्टेल
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

आज आठवा दिवस. सकाळी नऊ ते एक प्रॅक्टिकल झाले. मग मेसमध्ये आमटी-भात खाल्ला, तासभर पडले, झोप लागली नाही. उद्या सकाळी तोंडी परीक्षा.

ती. आत्या,

सुतक आहे म्हणून वर श्री घातलेला नाही आणि नमस्कारही लिहिलेला नाही. सुतक फिटले की दोन्ही आपापल्या जागी आहेत असे धरावे. तुमची शुगर आणि मामांचा खोकला कसा आहे? (मी बरी आहे. सगळे विचारतात म्हणून आधीच लिहिले.) फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही बोलता, मी 'हं' म्हणते, आणि शेवटी मी कबूल झाले असे ठरते.

आप्पाकाकांनी तुम्हाला कळवलेच असेल की पोरगी बापाच्या सुतकात घर सोडून पळाली. मी पळाले नाही. काल आईला सांगून सकाळी सहाच्या एस.टी.ने तिकीट काढून आले. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा आहे. तिची तारीख विद्यापीठाने आबा जायच्या दोन महिने आधी लावली होती.

तुम्ही तिसऱ्या दिवशी राख सावडून वाईला परत गेलात, म्हणून पुढचे तुम्हाला माहीत नाही. त्याच दुपारी जोतिबातात्या भेटायला आले. आबांची आठवण काढून डोळे पुसले आणि मी काय शिकते ते विचारले. मी सांगायच्या आत कुणीतरी हाडांची डॉक्टर म्हणून सांगून टाकले. (नाही. किती वेळा सांगायचे?) तात्यांनी लगेच धोतर वर घेऊन पाय पुढे केला. मी म्हटले, तात्या, आम्हाला सुतक आहे, शिवता येत नाही. ते म्हणाले, "गुडघ्याला कसलं सुतक, पोरी? बघ जरा." आमच्या घरचे पाणी त्यांना चालत नव्हते, पण माझा हात चालला. घरी गेल्यावर त्यांनी अंघोळ केली म्हणे. गुडघ्यासकट केली असणार.

दुसऱ्या दिवसापासून दुखवट्याला गर्दी वाढली. ज्यांनी आबांना कधी पाहिले नव्हते अशीही माणसे येऊन हळहळली. सोप्यावर पुरुषांचे खांदे, आत बायकांच्या कमरा. साळूबाई आईच्या गळ्यात पडून रडली तेव्हा तिच्या काखेत साड्यांच्या दुकानाची पिशवी होती आणि पिशवीत एक्स-रे. रडताना तो वाकू नये म्हणून ती एकाच हाताने मिठी मारत होती. आईला आधी राग आला. मग ती दारात बसून येईल त्याला सांगू लागली, "आदी रडून घ्या, मग पाय दाखवा." त्या दिवसांत आई एवढे एकच वाक्य बोलली, म्हणून मीही कुणाला नाही म्हटले नाही.

आता आप्पांचे. त्यांचे म्हणणे तुम्हाला माहीत आहे. चोळायला शिकायला चार वर्षे लागतात हे त्यांना फौजेतल्या चोवीस वर्षांत कुणी सांगितले नव्हते. शिवाय बाप गेल्यावर पोरीचे लग्न वर्षाच्या आत करायचे, नाहीतर तीन वर्षे थांबायचे, म्हणून त्यांनी फलटणचे एक स्थळ काढले आहे. मुलाचे नाव पृथ्वीराज, बाकी काही मला सांगितलेले नाही. पाचव्या दिवशी जमिनीवर झोपून आप्पांची मान धरली. डावीकडे बघायचे तर सगळे अंग फिरवत, परेडला असल्यासारखे. क्रियेला तेच बसलेले, त्यांना तर कुणी शिवायचेच नाही. त्यांनी मला गोठ्यामागे बोलावले आणि समोरच्या म्हशीकडे बघत म्हणाले, कर काय ते. मी गरम टॉवेलने शेकले आणि वीस मिनिटे हळूहळू मान सोडवली. ती मोकळी झाल्यावर मी विचारले, आप्पा, मंगळवारी परीक्षेला जाऊ का? सुटलेल्या मानेने त्यांनी पहिले काम हे केले, की ती दोनदा डावी-उजवीकडे हलवून नाही म्हटले. पूर्ण फिरली. त्यात माझ्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती.

म्हणून मी आले, आणि मला वाईट वाटत नाही. आबांना पक्षाघात झाल्यावर दोन वर्षे दर रविवारी मी त्यांचा हात उचलून घेतला. मधल्या दिवसांत व्यायाम केला म्हणून ते खोटे सांगायचे आणि मला ते खांद्यावरून कळायचे. ते काम मी अर्धे शिकून सोडणार नाही. वर्षाच्या आत लग्न झाले नाही तर तीन वर्षे होणार नाही, हा नियम आप्पांचाच आहे. माझे शिक्षण इंटर्नशिप धरून दीड वर्षात संपते. उरलेली दीड वर्षे मी नोकरी करीन. मी नियम पाळायला तयार आहे.

मोठ्यांना आणखी काय लिहावे ते कळत नाही, म्हणून थांबते.

शिवांजली

ता. क. प्रॅक्टिकल बरे गेले असे घरी कळवले आहे. तसे ते गेले नाही. तासगावकडचे एक आजोबा होते, डावी बाजू गेलेली. हात नीट हलवून घेतला, पण मॅडमनी विचारले, सुधारणा किती झाली आहे? मी सांगितले, आता कप तोंडापर्यंत नेतात, पण सांडतात. ते आबांचे होते. या आजोबांना मी आजच पाहिले. मॅडमनी थांबवले नाही. मार्क काय दिले माहीत नाही.

ता. क. २. पत्र ज्यासाठी लिहिले ते राहिले. शुक्रवारी दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली की आप्पा लग्नाचे बोलणार आहेत. चार माणसांत एकदा बोलले की ते मागे घेत नाहीत. तुम्ही थोरल्या बहीण, त्यांच्या आधी तुम्ही बोला. 'पोरगी शिक्षण पुरं करंल' एवढे चार शब्द पुरे. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. चार माणसांत मला आवाज फुटत नाही, कदाचित रडूच येईल आणि सगळे म्हणतील बापासाठी रडते. तरी बोलेन. माझी मैत्रीण अंकिता उद्या परीक्षा झाल्यावर वाईला घरी जाते, हे पत्र ती आणून देईल. मी उद्या रात्रीपर्यंत घरी पोहोचते.

पांढरा ॲप्रन एकच आहे आणि तो उद्या लागणार. खाली नळाला आता कुणी नाही. धुवून घेते.