बॅटरीची पट्टी

३ मार्च, सोम.
काल लिहिता आलं नाही. आजही जमत नाही, पण डोक्यातून जात नाही.
काल सकाळी हे नेहमीसारखे पवनारला, नामदेवभाऊंच्या शेतात. हरभरा काढलेलं रान, मोकळं. मीही सोबत गेले, वांगी आणायची होती. यांनी गोळी घेतलेली. कंपवाताची गोळी घेतली की तासभर हात शांत राहतात. त्या तासातच यांचं रिमोटचं हेलिकॉप्टर उडवणं. वर गेलं, एक फेरा झाला, दुसऱ्यात हवेत उलटं केलं आणि बॅटरी निसटून खाली. एकदम आवाज बंद. रिमोटचं काही चालेना. पाती मात्र तशीच गरगरत. नामदेवभाऊ बांधावर उभे होते. तोंडावर येतंय पाहून त्यांनी उजवा हात आडवा धरला.
रक्त फार गेलं. वर्ध्याच्या दवाखान्यापर्यंत माझा पदर त्यांच्या मनगटाला गुंडाळलेला. हे रस्ताभर एकच बोलत होते. "माह्या हातानं बांधली होती. माह्याच हातानं."

४ मार्च, मंगळ.
नामदेवभाऊंची मनगटातली नस शिवली. शेवटची दोन बोटं वाकतील की नाही, डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. उजवाच हात. भाजी तोडायचा, वखर धरायचा.
दुपारी एकटी शेतावर जाऊन मोडकं हेलिकॉप्टर उचलून आणलं. बॅटरी ढेकळांत पडून फुगलेली, काळी, तिला हात लावला नाही. नामदेवभाऊंच्या घरच्यांनी तिच्यावर माती ओढली होती.
बॅटरी बांधायची पट्टी सांगाड्यात लोंबत होती. खाली बसून पाहिली. वेलक्रो वेलक्रोला गच्च चिकटलेला. कडीही त्यातच अडकलेली. म्हणजे यांनी बांधलेलं सुटलंच नव्हतं. कडीपाशी मी घातलेली टीप उसवली होती.
शनिवारी हे मशीनपाशी येऊन म्हणाले होते, "जुन्या पट्ट्या धरत नाईत आता. वेलक्रोत कचरा भरला. दोन शिवून दे." एक सुटली तर दुसरी धरेल, म्हणून दोन. माझे लग्नाचे ब्लाउज अडलेले. नायलॉनचा दोरा संपला होता, ब्लाउजचाच सुती लावला. तीन टिपा घालायच्या तिथं एक. दुसरी पट्टी "मंग देईन" म्हटलं.
पट्टी चिंध्यांच्या पिशवीत तळाशी ठेवली. यांना अजून बोलले नाही. उद्या बोलेन.

६ मार्च, गुरु.
बोलले नाही.
येईल त्याला हे स्वतःच सांगतात. शेजारच्या काकूंना, दूधवाल्याला. "हात थरथर कापते माहा, तरी बी बांधाले गेलो." तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले या माणसानं. केसाएवढी तार डाग देऊन जोडायचे. आता हात मांडीखाली दाबून बसतात.

९ मार्च, रवि.
दीपाचा पुण्याहून फोन. "आई, आता तरी बाबांचं ते उडवणं बंद ना? बरं झालं बाई. मला तर दर रविवारी धडकी भरायची."
मी हो म्हटलं.
आणि मलाही बरं वाटलं. खरं लिहिते, दुसरीकडे कुठं बोलणार. दोन वर्षं दर रविवारी हे पवनारहून परत येईपर्यंत माझं कामात लक्ष नसायचं. मोटरसायकल पडली असेल, पात्यात हात गेला असेल. आज हे घरी. खुर्चीत. मी तीन ब्लाउज पूर्ण केले. असं किती दिवसांनी.

१० मार्च, सोम.
सकाळी घंटागाडी आली. चिंध्यांची पिशवी दिली टाकून.
विसरून नाही दिली. माहीत होतं आत काय आहे. गाडी गल्लीच्या वळणावर गेली तरी दारातच उभी. हाक मारली असती तर थांबला असता तो. नाही मारली.

१७ मार्च, सोम.
यांनी शर्टाची बटणं लावणं सोडलं. आधी पंधरा मिनिटं लागायची पण लावायचे, मी मदतीला गेले की ओरडायचे. आता उघड्या शर्टानं समोर येऊन उभे राहतात.
दाढी नाही. पेपर नाही.
चहाचा कप आज सोडून दिला. हात काही तेवढा हलत नव्हता, मी बघत होते. बोटं उघडली फक्त.
डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले आजार आहे तिथंच आहे, औषध वाढवायची गरज नाही. "यांनी मनातून सोडलं आहे. काही झालं का घरात?" हे म्हणाले, "काही नाई." मी पण.

२३ मार्च, रवि.
नामदेवभाऊ आले. हात अजून गळ्यात अडकवलेला. दुसऱ्या हातात वांग्यांची पिशवी. मला बघवलं नाही.
ते यांना म्हणाले, "भाऊ, चाला. रान मोकळंच हाये."
"तुह्या बोटाचं वाटोळं केलं मी. आता नाई."
"बोटाचं सोडा. मी काय म्हनतो, तुम्ही त्या दिवशी उडवाच्या आधी बॅटरी धरून पुरं हेलिकॉप्टर उचललं होतं. मले दाखवलं होतं, पाह्य नामदेव, पक्की हाये. हाये का नाई?"
यांनी हात मांडीखाली घेतले.
"मंग सुटली कशी? मी रोज इचार करून राह्यलो. वहिनी, तुम्हीच मोडकं आनलं ना घरी? पट्टी पाह्यली का?"
मी म्हटलं, "नव्हती. तिथंच कुठं पडली असन."
आणि आत गेले. गॅसवरचं दूध उतू गेलं होतं, पुसत बसले. बाहेरून यांचा आवाज. "पट्टीचं काई नाई नामदेव. माहे हातच."

२७ मार्च, गुरु.
जेवताना यांनी ताट पुढं सरकवलं. "आता तूच भरवत जाय."
पहिला घास दिला. लहान मुलासारखं तोंड उघडलं त्यांनी, डोळे भिंतीकडे. दुसरा घास माझ्या हातातून खाली पडला.
बासष्ट वर्षांचा माणूस. हे माझं काम. आजाराचं नाही.

२८ मार्च, शुक्र.
सांगितलं.
सकाळी, अंगणात ऊन यायच्या आधी. सगळं एका दमात. सुती दोरा, एक टीप, उसवलेली पट्टी, पिशवी. "तुमचं बांधलेलं सुटलंच नाई. माही शिवण सुटली."
यांनी माझ्याकडे पाहिलं. मग, "पट्टी कुठी हाये?"
"घंटागाडीत देली."
"कायले?"
तुम्ही घरी बसावं म्हणून, हे तोंडातून निघालं नाही.
त्यांनी मान हलवली. रागानं नाही. जशी दीपा लहानपणी रडत आली की हलवायचे तशी.
"सुनंदा, मले बरं वाटावं म्हणून म्हणून राह्यली तू."
"नाई हो. देवाशपथ."
"राहू दे."
रागावतील म्हणून पंचवीस दिवस भीत होते. रागावले असते तर पाय धरले असते.

२९ मार्च, शनि.
तशीच पट्टी पुन्हा शिवली. तोच दोरा, कडीपाशी एकच टीप. यांच्यासमोर धरून म्हटलं, "पाहा, आता कशी उसवते ते." जोर लावून ओढली. नाही उसवली. पायानं दाबून ओढली. खिडकीच्या गजाला अडकवून लोंबकळले तिला. कडी माझ्या तळव्यात रुतली.
नाही उसवली.
हवेत झटका बसतो, सांगाड्याची धार घासत असते, तिथली गोष्ट वेगळी. मला समजतं. त्यांनाही समजतं, त्यांनीच शिकवलं मला. पण बघितलं त्यांनी ते एवढंच की पट्टी धरते.
"झालं का?" म्हणाले. "हात सोलून घेऊ नको."

६ एप्रिल, रवि.
नामदेवभाऊंना बोलावून घेतलं. यांच्यासमोरच सांगायचं ठरवलं होतं. त्या दिवशी पट्टी नव्हती असं मी म्हटलं तेही खोटं, हे पण सांगितलं.
नामदेवभाऊंनी लगेच मानलं. चेहऱ्यावर दिसलंच. त्यांची दोन बोटं सरळ राहतात आता, काडीसारखी. ती मांडीवर ठेवली त्यांनी.
"बोटाचं मले काई नाई वहिनी. कामात व्हते एखाद्या वेळी. पन माह्या भावासारख्या मानसाले तुम्ही महिनाभर असं बसवून ठेवलं. काऊन?"
ते उठले. चहा तसाच. यांच्या खांद्यावर डावा हात ठेवला, "येजो भाऊ रानात," म्हणाले आणि गेले. माझ्याकडे पाहिलं नाही.
फाटक लागल्यावर हे म्हणाले, "त्याले बी खोटं सांगतलं माह्यासाठी. आता तो तुले दोष देईन जन्मभर." डोळ्यांत पाणी. माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी. एवढी माया मला सोसवेना. मोरीत जाऊन तोंड धुतलं.
बोलून आता काही होत नाही. ही वही त्यांनी वाचली तर मानतील. चार मार्चला लिहिलेलं आहे, सगळं, दोऱ्यासकट. पण मग नऊ तारीखही वाचतील, दहाही. मला बरं वाटलं होतं ते. गाडीला हाक मारली नाही ते.
हे बाहेर खुर्चीत आहेत. त्यांचा चष्मा आणि ही वही स्टुलावर ठेवते आणि भाजीला जाते.