शिवणीपुरतं कापड

ती. आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते.

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. सभांमध्ये घसा बसला, डॉक्टरांनी बोलणं बंद केलंय. जेवते, झोपते. तुझे गुडघे कसे आहेत?

संघटनेच्या खोलीत बायकांनी बेत केलाय. दर आठवड्याला प्रत्येकीने नव्या नमुन्याचा एक चौकोन शिवायचा, शेवटी सगळे जोडून एकच गोधडी. मीही बसले. माझा चौकोन जोडायला अपुरा निघाला. कडेला शिवणीसाठी कापड सोडायचं असतं. मी नक्षी पार काठापर्यंत नेली होती.

"बाईसाहेब, सगळं दाखवण्यातच संपवलंत," शिंपीणकाकू हसल्या. "जोडायला काय ठेवलंत?"

भांडायला आवाज नव्हता. नवं कापड कापलं.

थकले गं. अन्यायावर गप्प बसणं पाप, हे अजूनही मानते. पण आवाज परत येईल का, ते डॉक्टर सांगत नाहीत.

रविवारी तूच फोन कर आणि तूच बोल. मी शिवताना बोटात घालते ते अंगुस्तान फोनवर वाजवीन. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. "बरी आहेस ना?" एवढं मात्र विचारू नकोस.

तुझी तोंडाळ लेक