रिकामा डबा धाडू नये

माय, तुझ्याशी मी असल्या शाळेतल्या भाषेत कधी बोलले नाही, पण लिहायला बसलं की हीच येते, चालवून घे. तू गेलीस तेव्हा गावात मोबाइल आलेला नव्हता, म्हणून आधी तेच सांगते. माझ्या मोबाइलवर एक खेळ आहे. काळं आभाळ, त्यात रंगीबेरंगी ग्रह. एका रंगाचे तीन जुळवले की ते फुटतात आणि आपलं रॉकेट पुढं सरकतं. बस, एवढंच. शेंबड्या पोरांचा खेळ, आणि तुझी पन्नाशी उलटलेली लेक त्यापायी दोनदा वरण करपवून बसली.

दिवाळीला पोरगा पुण्याहून आला होता, त्यानंच घालून दिला. त्याचे बाबा गेल्यापासून घरात मी एकटीच, मळाही बटईनं, अर्ध्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिलेला. "येळ जाईन तुया," म्हणाला. गेला बाई, चांगलाच गेला. दुपारी परसातल्या वांग्यांकडं चक्कर मारायची ती मी बाजेवर पडून ग्रह फोडत राहते. त्या रॉकेटचं इंधन संपलं की खेळ थांबतो, मग ओळखीच्या कुणी इंधनाचा डबा धाडला की पुन्हा सुरू. मला रोज सकाळी पोराच्या नावाचा डबा यायचा. फोन त्याचा फारसा येत नाही, आला तर "जेवली काय? बरं, ठेवतो." डबा मात्र न चुकता. चहा घेताना तो दिसला की मी म्हणायची, उठला माझा लेक. आणि लगेच माझ्याकडूनही एक डबा धाडायची.

ही तुझीच खोड. शेजारच्या काकूंनी वाटीभर खीर दिली होती, आठवते? मी वाटी लख्ख घासून त्यांना देऊन आले, मोठी शहाणी. तू चुलीपुढं भाकर थापते आहेस, मान वर न करता विचारतेस, "काय टाकून नेलं?" काहीच नाही म्हटल्यावर तुझा हात थांबला. "रिकामं भांडं वापस करतेत काय व? त्याहीले वाटन, या घरात कोनी नाईच." मग माझ्या हातात सांबाराची जुडी कोंबून मला पुन्हा पिटाळलंस. वाटी तर देऊन झालेली. काकूंच्या दारात कोथिंबीर धरून मी उभी, आणि त्या हसून हसून बेजार.

मागच्या आठवड्यात पोरगा मानोऱ्याला एका लग्नाला आला, तसा घरीही येऊन गेला. ताटात वाढता वाढता मी म्हटलं, "बाबू, तुया डबा रोज भेटते मले."

"कोनता डबा?"

मी सांगितलं. तो हसायलाच लागला. "अव माय, म्या तं तो गेम कवाच काढून टाकला. ते नावानं आपोआप येत राह्यते. तुये डबे बी कोनाले भेटत नसतीन."

मीही हसले. म्हटलं, घे, अजून भाजी घे. दुपारच्या बसनं तो गेला. फार एकटं वाटलं मला, माय. घर तेच होतं, पण त्या दिवशी त्यात बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच्या नावाचा डबा. मला असा राग आला की मोबाइल बंद करून सगळी भांडी काढली आणि घासत बसले. मग राग गेला. वाटलं, पोराला सरळ फोन लावावा, म्हणावं, बाबू, मले करमत नाई, चार दिस राह्याले ये. नंबर काढला. कामात असेल, असं स्वतःलाच सांगितलं आणि खेळ उघडून त्याच्या नावानं डबा धाडून दिला. तिकडं कोणी नाही हे मला कळतं. पण वापस काहीच नाही गेलं तर या घरात कोणी नाही असं होईल ना.

तू असतीस तर म्हणाली असतीस, तोंड हाय ना तुले, बोल. हा कागद मी मेथीदाण्याच्या डब्यात ठेवते. फोन अजून लावलेला नाही.