इसाओसाठी लाल दोरा

कामिसावा,
जुलै १९५३

प्रिय सुमिए,

माझं अक्षर बघून तू दचकशील. तुझा पत्ता मी शाळेतल्या तुझ्या मैत्रिणीकडून, साचिएकडून, मागून घेतला. तुझ्या घरातल्या कुणी सांगितलं म्हणून हे पत्र लिहीत नाहीये, तेव्हा निदान शेवटपर्यंत वाच. तुम्ही शेजारची मुलं माझ्याच अंगणात खेळून मोठी झालात. तेवढ्या हक्कानं लिहितेय.

इकडे करडई फुलली आहे. हो, आपल्या गावात, पुन्हा. नदीकडच्या उतारावर चार घरांनी पेरली आहे. पहाटे दव असेपर्यंत काटे मऊ असतात, तेव्हाच पाकळ्या खुडून घ्याव्या लागतात. मग दिवसभर बोटं ठणकतात. काकांची पाठ आता वाकत नाही, म्हणून ते बांधावर बसून मला हुकूम सोडतात. सासूबाई गेल्या थंडीत गेल्या. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. त्या असेपर्यंत ही गोष्ट मी कुणाला सांगणार नव्हते, तसा शब्दच त्यांनी घेतला होता. आता सांगते.

लढाईच्या शेवटाआधीचं वर्ष तुला आठवतं ना? तुझे बाबा तेव्हा गावच्या शेतकी संघाचे प्रमुख होते. त्याच्या दोन-तीन वर्षं आधीच वरून हुकूम आला होता की खाण्याचंच पीक घ्यायचं, बाकी सगळं उपटून टाकायचं. देवळाच्या अंगणात सभा घेऊन ते म्हणाले होते, "फुलांनी सैनिकाचं पोट भरत नाही." गावानं करडई उपटली, आम्हीही उपटली. पण सासूबाईंनी वाडगाभर बी लपवून ठेवलं. करडईचं बी फार वर्षं टिकत नाही. त्या वसंतात त्यांनी थोडं बी ओल्या फडक्यात बांधून बघितलं, तर निम्मंसुद्धा उगवलं नाही. त्या मला म्हणाल्या, "तोकी, हे यंदा मातीत गेलं नाही तर संपलं. माझ्या सासूच्या सासूनं आणलेलं बी आहे हे." मी हात जोडले. काका लढाईवर मांचुरियात, घरात आम्ही दोघीच. म्हटलं, "आई, सापडलो तर रेशन बंद होईल. पोलीस येतील." तर म्हणाल्या, "मला म्हातारीला काय करणारेत?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही हो, मला करतील." त्यावर त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन चालू लागल्या. एकट्या जाऊ देता येईना, म्हणून मीही मागून गेले.

आमच्या वरच्या तुकड्यात सोयाबीन होतं आणि त्याच्या कडेनं मका. त्या दोहोंच्या मधे सासूबाईंनी बी टाकलं. झाडं हिरवी होती तोवर ठीक चाललं. कुणी जवळ येऊन पाहिलं तरच काटे दिसायचे. पण जुलै लागला आणि एका सकाळी मी बघते तर एक फूल उमललेलं. तुला माहीतच आहे, आधी एकच उमलतं आणि मग सगळं शेत पेटतं. देवळाच्या पायऱ्यांवरून आमचा तो तुकडा सरळ दिसायचा, आणि त्याच पायऱ्या उतरून तुझे बाबा रोज सकाळी पाहणीला निघायचे. झाडं उपटावीत तर बी जातं. फुलू द्यावीत तर आम्ही जातो. शेवटी मार्ग सासूबाईंनीच काढला. पाकळ्या खुडल्या तरी खाली बोंड राहतं, त्यात बी धरतं. तेव्हा रात्रीतून जे उमलेल ते उजाडायच्या आत खुडायचं, म्हणजे दिवसा शेत हिरवंच दिसेल. झालं, दोघी रोज अंधुक उजेडात त्या काट्यांत शिरायचो. एखादं फूल नजरेतून सुटलं तर? या धास्तीनं मी दिवसभर काही ना काही निमित्त काढून वर जायची आणि पायऱ्यांकडे पाठ करून पुन्हा ओळी तपासायची. जेवण अंगी लागेना.

पाकळ्या फेकून द्या म्हटलं तर सासूबाईंना ते पाप वाटे. त्या धुवायच्या, तुडवायच्या, ओल्या चटईखाली दडपून आंबवायच्या. लाल झाल्या की कांडून चपट्या वड्या थापायच्या आणि माळ्यावर रेशीमकिड्यांच्या सुपांत वाळवायच्या. त्या आंबट वासानं माझा जीव अर्धा व्हायचा. दारावरून कुणी गेलं की मी मुळ्याच्या लोणच्याचं पिंप उघडून ठेवायची.

आणि एके दिवशी पहाटे मान वर केली तर बांधावर तुझी आई उभी.

माझी ओंजळ पाकळ्यांनी भरलेली. टाकून देऊ, की मागे लपवू? काहीच सुचेना. तुझी आई माझ्याहून मोठी, त्यात प्रमुखांची बायको. मी तिच्यासमोर नेहमीच दबकून असायची. ती शांतपणे म्हणाली, "सोयाबीन बरंच काटेरी दिसतंय गं तुझं, तोकी." सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "किनू, जे सांगायचं ते नवऱ्याला जाऊन सांग. सुनेला छळू नकोस. पेरलं ते मी." तर तुझी आई म्हणाली, "मला दोरा हवाय. लाल. बाजारातला भुकटीचा नको, खरा लाल. इसाओला बोलावणं आलंय."

तुझा दादा इसाओ तेव्हा विशीचासुद्धा नव्हता. सैनिकाच्या पोटावर बांधायचा हजार टाक्यांचा, एकेका बाईनं एकेक टाका घातलेला पट्टा गावोगावच्या बायका करतच होत्या, पण तुझ्या आईच्या मनानं घेतलं होतं की खऱ्या करडईच्या लालानं अंगाला ऊब राहते आणि गोळी वळते. सासूबाई म्हणाल्या, "हा रंग कडाक्याच्या थंडीत बसतो. या उकाड्यात गढूळ होतो." तुझी आई म्हणाली, "थंडीपर्यंत इसाओला थांबवून ठेवणार आहेत का ते?" आणि मग माझ्याकडे वळून, आवाज जराही न चढवता म्हणाली, "दोरा दिलात तर मी आज इकडे आलेच नाही. नाहीतर जेवायच्या आत घरी कळेल." त्या क्षणी मला तिचा इतका तिरस्कार वाटला, सुमिए. तिच्या पोराचं तोंडही माझ्या डोळ्यांपुढे आलं नाही.

आमच्या मागच्या खोपटात रंगवायला घेतलं. आईच्या मागोमाग तूही एकदा दारापर्यंत आली होतीस, तुला मी रताळं देऊन परत पाठवलं. वड्या भिजवून आधी पिवळं पाणी काढून टाकलं, पुन्हा पुन्हा. मग काडाच्या राखेच्या पाण्यात लाल उतरवला. मग त्यात धुरात वाळवलेल्या आलुबुखाराचं आंबट पाणी. सासूबाई थेंब थेंब घालत होत्या. तुझ्या आईनं रेशमाची लड बुडवली आणि वर काढली, तर विटकरीसारखा मळका रंग. वड्या जवळजवळ निम्म्या संपल्या होत्या. तुझी आई लड पिळत नुसती बघत राहिली. मला वाटलं, आता उठून सरळ घरी जाणार. ती म्हणाली, "पुन्हा." दुसऱ्या दिवशी विहिरीच्या तळाचं गार पाणी काढून, टोपाला ओली पोती गुंडाळून, पहिल्यापासून सुरुवात केली.

आणि नेमके तेव्हाच तुझे बाबा दारात. सोयाबीनची पाहणी करायला आले होते. "कुणी आहे का घरात?" अशी हाक आली. लड पाण्यात होती, रंग नुकता धरायला लागला होता, सोडून जाता येत नव्हतं. सासूबाई पुढे होऊन गुडघ्यांचं रडगाणं गायला लागल्या, पण तुझे बाबा बोलता बोलता वळसा घालून थेट खोपटाशी. तुझी आई दार लोटून बाहेर गेली आणि दारातच उभी राहिली. मनगटापर्यंत हात लाल.

"तू इथे काय करतेस?"

"लोणचं घालतेय आलुबुखाराचं. तोकीला कुठं जमतंय? लोणच्याला रंग देणारी लाल पानं चुरायलासुद्धा शिकवावं लागतंय."

मी आत टोपाशी बसून ऐकत होते. तुझे बाबा म्हणाले, "लोणच्याला मीठ कुठून मिळालं यांना?" त्या वर्षी मीठ किती मोजून मिळायचं, तुला ठाऊक आहे. तुझी आई म्हणाली, "आपल्याच घरातून. तुम्ही फरशीखाली लपवलेल्या मडक्यातलं. मोठ्यानं बोलू का?"

तुझे बाबा पाठ फिरवून निघून गेले. ती आत आली आणि टोपाशी बसली. तिनं माझं मनगट घट्ट पकडलं, तेव्हा मला कळलं की भीती तिलाही वाटते. लड वर काढली तर लाल. हिवाळ्यातल्यासारखा नव्हे, पण लाल.

त्या दोऱ्याच्या पट्ट्यावर तूही एक टाका घातला होतास. दोरा शहरातून आणला असं तिनं तुला सांगितलं असणार. इसाओ लढाईवर गेला. बोंडं पिकली, आम्ही बी झोडपून काढलं आणि सासूबाईंच्या उशीत शिवून टाकलं.

पुढचं तू डोळ्यांनी पाहिलंस, किंवा पाहिलंस असं तुला वाटतं. बर्फ पडायला लागल्यावर इसाओच्या अस्थींची पांढरी पेटी आली. त्याची दक्षिणेला जाणारी बोट बुडाली होती. अंत्यविधीला जिल्ह्याचे साहेब आले होते, तुझे बाबा त्यांच्याशेजारी ताठ उभे होते आणि तू मोठ्यानं हंबरडा फोडलास. तुझ्या आईनं सगळ्यांदेखत तुझ्या मुस्कटात मारली आणि म्हणाली, "रडायचं नाही. देशासाठी गेला, आपलं भाग्य." तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. मी मागच्या रांगेत होते. मलाही वाटलं, ही बाई आहे की दगड. लढाई संपल्यावर तू टोकियोला निघून गेलीस ती परत फिरकलीच नाहीस. तुला मी कधी दोष दिला नाही.

पण अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुला माहीत नाही. बर्फ तुडवत ती आमच्याकडे आली. मी खिडकीतून पाहिलं आणि सासूबाईंना म्हटलं, "संपलं. दोऱ्यानं पोरगा वाचला नाही, आता ती कशाला गप्प बसेल?" मी धावत जाऊन उशी उचलली. कुठं लपवू कळेना, चुलीत टाकावी की काय इथपर्यंत विचार आला. तोवर ती आत आली. माझ्या हातातल्या उशीकडे तिनं बघितलं. तिला बरोबर समजलं. म्हणाली, "ठेव ती खाली. त्यासाठी नाही आले." मग छातीशी धरलेलं पांढरं रेशीम काढलं, इसाओच्या बारशाच्या झबल्याचा तुकडा, आणि सासूबाईंना म्हणाली, "पेटीत काही नाही, योने आजी. सगळे झोपल्यावर मी हलवून पाहिली. आत एक खडा वाजतो. पेटी अजून पुरायचीय, त्याला असा उघडा कसा पुरू? वड्या उरल्यात का?"

उरल्या होत्या. त्या दिवशी पाणी इतकं गार होतं की हात घातला की हाडांत कळ जायची. तिनं आम्हाला हात लावू दिला नाही. तो तुकडा ती एकटीच बुडवत होती, उलटत होती. रंग असा चढला की सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. आणि मग तुझी आई रडायला लागली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं स्वतःची बाही दातांत धरली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा म्हणाली, "पोरीला मारलं मी, तोकी. ती आणखी थोडी रडली असती तर मी कोसळले असते. आणि एकदा तोंड उघडलं असतं तर त्या साहेबाला काय काय बोलले असते, देव जाणे. मग ह्यांना नेलं असतं, पोरीचं काय झालं असतं? पण तिला ते कसं सांगू?" तुला मारलेला हात ती त्या बर्फासारख्या पाण्यात चोळत राहिली. शेवटी सासूबाईंनी तो धरून बाहेर काढला.

तुला हे सांगण्याची तिची कधी हिंमत झाली नाही. मी एकदोनदा म्हटलं, तर म्हणाली, "ती सुखात आहे ना? मग झालं." आमच्या बियांबद्दल ती आजवर कुणापाशी बोललेली नाही. लढाई संपल्यावर सासूबाईंनी उशी उसवली तेव्हा पहिली मूठ तिच्याच हातात दिली.

सुमिए, आता मुख्य गोष्ट. तुझ्या आईच्या पोटात गाठ आहे. शहरातल्या डॉक्टरांनी तुझ्या बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की हा उन्हाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही. तिला कुणी काही सांगितलेलं नाही, पण तिला कळलंय. ती तुला बोलावणार नाही आणि मी लिहिलंय हे समजलं तर माझं तोंड पाहणार नाही. परवा मी पेज घेऊन गेले होते. छताकडे बघत पडली होती. मला विचारते, "टोकियोची गाडी हल्ली सकाळी येते का गं, की संध्याकाळी?" मी म्हटलं, "का हो, कुणी यायचंय का?" ती म्हणाली, "छे, कोण येणार. आपलं सहज." आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, मी उत्तर दिलंच नाही म्हणून. सकाळी येते, असं मी तिला सांगितलंय.

तुझीच,
तोकी काकू